फवारणीचा हातमोजा : विष अडते किती, आणि किती वेळ?

वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा आहे. हिंगणघाट, देवळी, आर्वी, समुद्रपूर या तालुक्यांतील काळ्या कसदार जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कपाशीचे पीक घेतले जात आले आहे आणि जिल्ह्याच्या अर्थव्यवहारात या पिकाचे स्थान आजही मोलाचे आहे. पावसाळ्याने जोर धरला, पऱ्हाटी कमरेइतकी वाढली, की मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि पुढे गुलाबी बोंडअळी यांच्याशी शेतकऱ्याचा झगडा सुरू होतो. पाठीवर फवारा पंप घेतलेली माणसे शेताशेतांतून दिसू लागतात. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणण्याची रीत आहे. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेलही. ते मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते विषच होय.

या विषाची जाणीव विदर्भाला २०१७ साली अत्यंत कठोरपणे झाली. त्या वर्षीच्या खरीप हंगामात, वर्धा नदीच्या पलीकडे असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर संरक्षक साधनांचा प्रचार वाढला. ‘फवारणी करताना हातमोजे घाला’ हे वाक्य आता प्रत्येक गावात ऐकू येते. ते योग्यच आहे. परंतु हातमोजा घातला म्हणजे आपण निर्धास्त झालो, ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. हातमोजा म्हणजे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे एक पातळ पटल. या पटलातून द्रव आणि बाष्प कसे आत शिरतात व कसे पलीकडे जातात, हे एकदा समजले म्हणजे कोणता हातमोजा घ्यावा, तो किती वेळ वापरावा आणि केव्हा टाकून द्यावा, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

छिद्र नाही, तरीही वाट आहे

आपण सामान्यतः असे धरून चालतो की, ज्या वस्तूला छिद्र नाही तिच्यातून काहीही पार जात नाही. घरातील अनुभव मात्र निराळा आहे. हिंगाची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या फडताळाला हिंगाचा वास येतो. लग्नमंडपात बांधलेले रबरी फुगे, गाठ पक्की असूनही, दोन दिवसांत मलूल होतात. ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा रॉकेल भरले तो कितीही वेळा साबणाने धुतला तरी त्याचा वास जात नाही. काही तास झाकण लावून ठेवला की वास पुन्हा हजर. पिशवीला भोक नव्हते, फुगाही फाटका नव्हता आणि डब्याचा पृष्ठभाग तर स्वच्छ धुतलेला होता. मग हे पदार्थ गेले कोठून आणि राहिले कोठे?

या प्रश्नाचा शोध बराच जुना आहे. १८३१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जॉन मिचेल या डॉक्टरांनी असे पाहिले की, निरनिराळे वायू भरलेले रबरी फुगे निरनिराळ्या वेगाने रिकामे होतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड फार लवकर निसटतो. हे केवळ बारीक छिद्रांमुळे घडत असते, तर हलका वायू आधी जावयास हवा होता. पण तसे घडले नाही. याचा उलगडा इंग्लंडमधील शास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ साली केला. त्यांचे म्हणणे असे की, वायू रबरातून गळत नाही. तो आधी रबरात विरघळतो, मग रबराच्या आतून पसरत पलीकडच्या बाजूस पोहोचतो आणि तेथून पुन्हा वायुरूपाने बाहेर पडतो. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी या विवेचनाचा गाभा आजही कायम आहे. वायूच्या जागी विद्रावक द्रव किंवा त्याचे बाष्प घेतले तरी हाच क्रम लागू पडतो.

प्रवासाच्या तीन पायऱ्या

रबर, पॉलिथीन, नायलॉन हे सारे पदार्थ बहुवारिक वर्गातील आहेत. लहान लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन झालेल्या अतिशय लांब साखळ्या, असे त्यांचे अंतरंग असते. रबरात या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण त्या निश्चल नसतात. उष्णतेमुळे त्या सतत वळवळत असतात आणि त्या वळवळीत क्षणभर येथे, क्षणभर तेथे सूक्ष्म पोकळी निर्माण होते व नाहीशी होते. यात्रेच्या गर्दीत रस्ता म्हणून दिसत नाही. तरीही माणसे जरा हलली की मधे जागा होते आणि चुकत-माकत का होईना, एखादा मनुष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. विद्रावकाचा रेणू बहुवारिकातून जातो तो असाच.

या प्रवासाची पहिली पायरी म्हणजे शोषण. हातमोज्यावर पडलेला द्रव रबराच्या पृष्ठभागात विरघळतो. दुसरी पायरी विसरणाची. जेथे रेणूंची दाटी अधिक आहे तेथून ते जेथे दाटी कमी आहे तिकडे सरकतात. जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ फिक यांनी १८५५ साली या सरकण्याचा नियम मांडला : दोन्ही बाजूंच्या दाटीतील फरक जितका मोठा आणि मधले अंतर जितके कमी, तितका प्रवाह अधिक. तिसरी पायरी म्हणजे आतल्या बाजूने, हाताच्या त्वचेलगत, त्या पदार्थाचे बाहेर पडणे. या संपूर्ण क्रियेला आपण पारगमन म्हणू. शिवण उसवली, काटा लागला किंवा भोक पडले म्हणजे द्रव आत येतो, तो नुसता शिरकाव होय. शिरकाव डोळ्यांना दिसतो आणि हात ओला लागतो. पारगमन दिसत नाही. हातमोजा वरून धडधाकट असतो आणि हातही कोरडा वाटतो. धोका आहे तो याच ठिकाणी.

कोणता द्रव कोणत्या बहुवारिकात विरघळेल, याचा एक ढोबळ नियम आहे : समान प्रकृतीचे पदार्थ एकमेकांत सहज मिसळतात. नैसर्गिक रबराची प्रकृती तेलकट. त्यामुळे ते पाण्याला फारसे आत घेत नाही, पण पेट्रोल, रॉकेल यांसारखे द्रव ते आनंदाने शोषून घेते. सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे रोज घडते. पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब कानशीने घासतो, तिच्यावर सोल्यूशन लावतो आणि ते सुकेपर्यंत थांबूनच वर ठिगळ दाबतो. सोल्यूशन म्हणजे विद्रावकात विरघळवलेले रबर. त्यातील विद्रावक ट्यूबच्या पृष्ठभागात शिरून तेथील साखळ्या सैल करतो आणि मग बाष्परूपाने उडून जातो. त्या सैल झालेल्या पृष्ठभागावर ठिगळ घट्ट बसते. रबराचा एखादा तुकडा पेट्रोलमध्ये राहिला तर तो फुगून मूळ आकाराहून मोठा व लिबलिबीत झालेला दिसतो, तोही याच कारणाने. तुरीचे दाणे पाण्यात भिजून फुगावेत तसाच हा प्रकार. साखळ्या एकमेकींपासून दूर सरल्या की मागून येणाऱ्या रेणूंना वाट अधिकच मोकळी होते. म्हणजे विद्रावक केवळ स्वतः पार जात नाही, तर तो आपल्यामागून येणाऱ्यांसाठी रस्ता रुंद करीत जातो.

‘ई.सी.’ या दोन अक्षरांचा अर्थ

कीटकनाशकांच्या डब्यावर पुष्कळदा ‘२० ई.सी.’, ‘२५ ई.सी.’, ‘५० ई.सी.’ अशी अक्षरे छापलेली असतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही या प्रकारची कापूस पट्ट्यातील परिचित नावे. त्यातील आकडा मूळ विषाचे शेकडा प्रमाण सांगतो. मग उरलेला भाग कशाचा? हे विष पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. म्हणून ते झायलीन किंवा त्याच वर्गातील खनिज तेलापासून काढलेल्या विद्रावकात विरघळवतात आणि पाण्यात मिसळावे म्हणून त्यात साबणासारखे काम करणारे पायसीकारक घालतात. ई.सी. औषध बादलीतील पाण्यात ओतताच पाणी दुधासारखे पांढरे होते, ते त्या तेलकट द्रवाचे असंख्य सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगू लागतात म्हणून.

आता हातमोज्याच्या दृष्टीने याचा विचार करू. डब्यातील घट्ट औषध हाताळताना रबरावर पडतो तो तेलकट विद्रावक, म्हणजे रबराला आवडणारा द्रव. तो स्वतः आत शिरतो, रबर फुगवतो आणि त्याच्याबरोबर विषाच्या रेणूंनाही आत नेतो. म्हणून फवारणीच्या साऱ्या कामात हातांना सर्वाधिक धोका असतो तो डबा उघडण्याच्या, मापून घेण्याच्या आणि औषध कालवण्याच्या पाच-दहा मिनिटांत. पुष्कळ घरांत हे काम स्त्रिया करतात; पंप पाठीवर नसल्यामुळे त्यांना संरक्षक साधनांची गरज नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

पाणी घालून पातळ केलेल्या औषधाचा धोका त्या मानाने कमी. पण तो नाहीसा होत नाही. मोज्यावर उडालेल्या तुषारांतील पाणी उन्हा-वाऱ्याने उडून जाते आणि तेलकट अंश मागे राहतो. तासाभरात पुन्हापुन्हा तुषार पडत गेले म्हणजे त्या जागी औषध हळूहळू घट्टच होत जाते.

बाष्पांचेही असेच आहे. विद्रावक उडून बाष्प होतो. ते बाष्प मोज्याच्या बाह्य पृष्ठभागात शोषले जाते आणि द्रवाप्रमाणेच आत सरकते. द्रवाच्या मानाने बाष्पात रेणूंची दाटी कमी असते, त्यामुळे मोज्यातून जाणारा प्रवाह सहसा कमी राहतो. नाकावर बांधलेल्या रुमालाची गोष्ट मात्र वेगळी. कापड हे सच्छिद्र असते. ते मोठे तुषार काही प्रमाणात अडवील. बाष्प त्याच्या धाग्यांमधून सरळ आत येईल. धुळीसाठी असलेली मुखपट्टीदेखील बाष्प अडवीत नाही. त्यासाठी सक्रियित कोळशाची डबी लावलेला मुखवटा लागतो. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म विवरांच्या भिंतींवर बाष्पाचे रेणू चिकटून राहतात. त्या भिंती भरून गेल्या की डबीचे कामही संपते.

जाडीचा हिशेब

पटल जाड असेल तर संरक्षण अधिक, हे कोणीही सांगेल. किती अधिक, हे सांगण्यास थोडे गणित लागते. विद्रावक पहिल्यांदा पलीकडे पोहोचण्यास लागणारा काळ हा जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर काळ चौपट. जाडी चौपट झाली तर काळ सोळापट. उदाहरणादाखल, एखादा विद्रावक फुगलेल्या रबरातून ज्या सर्वसाधारण वेगाने पसरतो तो धरून हिशेब केला, तर दवाखान्यात वापरतात तशा ०.१ मिलिमीटर जाडीच्या मोज्यातून तो सुमारे तीन मिनिटांत आत पोहोचेल; त्याच पदार्थाच्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या मोज्याला मात्र सुमारे पाऊण तास लागेल. प्रत्यक्षात हे आकडे द्रवाप्रमाणे व रबराप्रमाणे बदलतात. परंतु दोहोंमधील प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वस्त मिळतात म्हणून घेतलेले पातळ, पारदर्शक पॉलिथीनचे किंवा दवाखान्याचे मोजे औषध कालवताना का पुरे पडत नाहीत, हे यावरून दिसून येईल.

येथे उष्णतेचाही विचार करावयास हवा. तापमान वाढले की बहुवारिकाच्या साखळ्यांची वळवळ वाढते आणि विसरण वेगाने होते. हातमोज्यांच्या चाचण्या बहुधा २३ अंश सेल्सिअस तापमानाला घेतल्या जातात. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात काम करणाऱ्याच्या मोज्याचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. म्हणून वेष्टनावर छापलेला काळ हा आपल्या शेतात त्याहून कमीच धरावा.

पातळ मोज्यावरील विश्वास किती महागात पडू शकतो, याचे एक उदाहरण विज्ञानजगतात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातावर १४ ऑगस्ट १९९६ रोजी प्रयोग करताना डायमेथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब पडले. हातात लॅटेक्स रबराचे मोजे होते. त्यांना भोक नव्हते. काही महिन्यांनी त्यांना तोल सांभाळणे व बोलणे कठीण होऊ लागले आणि ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे केलेल्या चाचणीत ते संयुग अशा मोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत पार होते असे आढळले. कीटकनाशके इतकी तीव्र नसतात हे खरे; पण मोज्याचा पदार्थ आणि त्यावर पडणारा द्रव यांची जोडी तपासल्याशिवाय मोजा सुरक्षित म्हणू नये, हा त्या दुर्घटनेचा धडा शेतालाही लागू आहे.

कोणता पदार्थ कोणासमोर टिकतो

सर्व द्रवांसमोर सर्वकाळ टिकेल असे एकही रबर नाही. नैसर्गिक रबर पाणी आणि सौम्य आम्ले यांसमोर उत्तम. तेलकट विद्रावकांसमोर ते फुगते. पी.व्ही.सी.चे मोजे मऊ राहावेत म्हणून त्यांत जो स्निग्ध पदार्थ मिसळलेला असतो तो विद्रावक काढून नेतो. मग मोजा ताठ होऊन त्याला चिरा पडतात. ब्यूटाइल रबरातील साखळ्या फार दाटीने बसलेल्या असतात, म्हणून त्यातून हवा सहज निसटत नाही. सायकलच्या व मोटारीच्या ट्यूबा त्याच्या करतात त्या यामुळेच. परंतु झायलीनसारख्या द्रवासमोर तेही फुगते. नायट्राइल रबरात असलेल्या विशिष्ट रासायनिक गटांमुळे ते खनिज तेलांना सहज आत घेत नाही. म्हणून शेतीकामासाठी जाड नायट्राइलच्या मोज्यांची शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. झायलीनसमोर मात्र हे मोजेही ठराविक काळच टिकतात आणि ॲसिटोनसारख्या द्रवासमोर तर लवकरच हार खातात. निरनिराळ्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक जोडून केलेले मोजे अधिक द्रवांना अधिक काळ अडवतात. परंतु ते हातावर नीट बसत नाहीत व महागही असतात.

युरोपीय चाचणीपद्धतीत, मोज्याच्या एका चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला एक मायक्रोग्रॅम या वेगाने पदार्थ आत येऊ लागला की मोजा ‘पार झाला’ असे मानतात. या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. दोन्ही तळहातांचे मिळून ३०० चौरस सेंटीमीटर क्षेत्र धरले, तर त्या वेगाने तासाभरात १८ मिलिग्रॅम पदार्थ त्वचेपर्यंत येऊ शकतो. कीटकनाशक हाताळणाऱ्यांच्या मोज्यांसाठी २०१९ साली आय.एस.ओ. १८८८९ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यात पातळ केलेल्या औषधाच्या, कमी धोक्याच्या कामासाठी ‘जी १’, घट्ट औषधासह अधिक धोक्याच्या कामासाठी ‘जी २’, आणि फवारणी झालेल्या पिकात नंतर काम करणाऱ्यांसाठी ‘जी आर’ असे वर्ग केले आहेत. मोजे खरेदी करताना वेष्टनावर ही खूण आहे का, हे पाहण्याची सवय लावणे हिताचे ठरेल.

आपल्याकडील १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही संरक्षक पोशाख असा असावा की, तो औषधाला आत येऊ देणार नाही वा त्याला प्रतिकार करील, तसेच तो धुता येण्याजोगा असावा, असे सांगितले आहे. या तरतुदीचा हेतू शेतापर्यंत पोहोचावयाचा तर ‘प्रतिकार’ म्हणजे किती वेळचा, हा प्रश्न मोजे विकत घेणाऱ्याने आणि मजुराला ते देणाऱ्या मालकानेही विचारला पाहिजे.

धुतलेल्या मोज्यातील उरलेले विष

काम संपल्यावर मोजे साबणाने धुऊन खुंटीला अडकवणे, ही चांगली सवय आहे. मात्र त्याने पृष्ठभागावरचे औषध जाते. रबराच्या अंगात शोषले गेलेले राहते. रॉकेलच्या डब्याचा वास जात नाही त्याचे कारण हेच. रबरात उरलेले रेणू रात्रभर स्वस्थ बसत नाहीत. जिकडे दाटी कमी तिकडे ते सरकतात, म्हणजे काही बाहेर उडून जातात आणि काही आतल्या अस्तराकडे येतात. सकाळी तोच मोजा घालणारा मनुष्य औषधाचा डबा उघडण्यापूर्वीच विषाच्या संपर्कात येतो. म्हणून घट्ट औषध ज्यावर सांडले तो मोजा, फुगलेला, चिकट झालेला, ताठर झालेला किंवा रंग बदललेला मोजा पुन्हा वापरू नये. मोजा काढण्यापूर्वी तो हातात असतानाच बाहेरून धुवावा. काढल्यावर उलटा करून आतूनही धुऊन सावलीत, हवेशीर जागी वाळवावा.

डब्यांच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. औषधाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या भिंतीत विद्रावक व विष मुरलेले असते. डबा वरवर निर्मळ दिसला तरी त्यात भरलेल्या पाण्यात, तेलात वा धान्यात ते हळूहळू उतरते. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि नंतर डब्याला भोके पाडून तो निरुपयोगी करावा, ही सूचना त्यासाठीच दिलेली असते.

त्वचा हेही एक पटल

मोज्याच्या आत असलेली आपली त्वचादेखील एक पटलच आहे. तिच्यावरचा मृत पेशींचा थर अवघ्या १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे दवाखान्यातील पातळ मोज्याहूनही कितीतरी पातळ. तरीही तो पुष्कळ पदार्थांना अडवतो. त्याचे सामर्थ्य शरीरावर सर्वत्र सारखे नाही. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅराथिऑन या कीटकनाशकाचे शोषण मोजले गेले. पुढच्या हातावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के, तळहातावरून १२ टक्के, कपाळावरून ३६ टक्के, तर वृषणावरील नाजूक त्वचेतून जवळजवळ सर्वच औषध शरीरात गेले. पाठीवरचा पंप गळका असेल आणि औषध पाठीवरून जांघेपर्यंत ओघळत असेल, तर उत्तम मोजे घालूनही त्या माणसाचे रक्षण होणार नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. औषधाच्या हाताने कपाळावरचा घाम पुसण्याची सवयही तितकीच घातक.

शिवाय मोज्यात घामाने भिजून मऊ झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक शोषण करते. म्हणून एकदा औषध आत पोहोचल्यावर मोजा तसाच हातात ठेवणे हे कधी कधी मोजा नसण्यापेक्षाही वाईट ठरते.

उकाड्याचा प्रश्न आणि नवे प्रयत्न

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जे पटल विद्रावकाचे बाष्प अडवते ते बहुधा घामाचे बाष्पही अडवते. पावसाळी उकाड्यात रबरी बूट, मोजे व प्लॅस्टिकचा अंगरखा घालून चार-सहा तास पंप चालवणे हे कष्टाचे काम आहे. मजूर साधने टाळतो ते अज्ञानामुळेच असे म्हणणे न्यायाचे नव्हे. घाम वाळत नाही, जीव घाबरा होतो आणि काम उरकत नाही, हेही त्याचे कारण असते.

या अडचणीवर एक वेगळी वाट बंगळूर येथील इनस्टेम या संशोधन संस्थेने शोधली आहे. विषाला अडवून धरण्याऐवजी ते वाटेतच निष्प्रभ करावे, ही तिच्यामागील कल्पना. सुती कापडाच्या धाग्यांवर असे रासायनिक गट कायमचे जोडले जातात की, ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाचा रेणू त्यांच्या संपर्कात येताच तुटतो. कापड सच्छिद्र राहते, घाम वाळतो आणि विषाचे मात्र विघटन होते. या कापडाचा ‘किसान कवच’ नावाचा पोशाख १७ डिसेंबर २०२४ रोजी नवी दिल्ली येथे सादर करण्यात आला. त्याची किंमत सुमारे ४,००० रुपये सांगण्यात आली. हे कापड विशिष्ट वर्गातील विषांसाठी आहे आणि घट्ट औषध कालवताना मोज्यांची गरज त्याने संपत नाही. तथापि कापूस पिकवणाऱ्या हातांचे रक्षण कापसाच्याच धाग्याने व्हावे, ही घटना वर्ध्यासारख्या जिल्ह्याला विशेष आनंदाची वाटेल.

शेतकरी बंधुभगिनींनी काय करावे

वरील विवेचनाचे व्यवहारातील सार थोडक्यात असे सांगता येईल. औषध कालवण्यासाठी जाड नायट्राइलचे, मनगटाच्या वर निम्म्या हातापर्यंत येणारे मोजे वेगळे ठेवावेत. घालण्यापूर्वी त्यांत हवा भरून भोक नाही ना, हे पाहावे. घट्ट औषध सांडले तर ‘नंतर धुऊ’ असे म्हणू नये; लगेच धुवावे आणि मोजा बदलावा, कारण औषध आत शिरण्याचे घड्याळ सांडल्या क्षणापासून सुरू झालेले असते. गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारणी करू नये. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल हा सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. हिरवा रंगही निर्धोकपणाची ग्वाही देत नाही.

फवारणी करताना वा नंतर खूप घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दडपण, स्नायूंचे फडफडणे यांपैकी काही जाणवले, तर काम तत्काळ थांबवावे, कपडे व मोजे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. घट्ट औषधाचा वास कपड्यांना येत असेल तर ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

मालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मजुराला हंगामाच्या आरंभी एक मोजा देऊन जबाबदारी संपत नाही. मोजा ही पंपातील इंधनासारखी खर्च होणारी वस्तू आहे. हंगामाच्या खर्चात बियाणे व खते यांच्याबरोबर तिचाही आकडा धरावा. देवळी तालुक्यातील सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र व गावोगावचे सहायक कृषी अधिकारी यांच्याकडे बियाण्यांविषयी आपण विचारणा करतो; तशीच मोज्यांच्या पदार्थाविषयी, जाडीविषयी आणि त्यावरील खुणांविषयीही करावी. विष मोज्यात शिरताना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब ठेवणे आपल्यालाच भाग आहे. तो हिशेब वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याने, प्रत्येक शेतमजुराने आणि औषध कालवणाऱ्या प्रत्येक भगिनीने येत्या हंगामापासून ठेवावा, एवढीच अपेक्षा.